शेवट पाठ असूनही छाती धडधडते, ना. सं. इनामदार वाचणाऱ्यांनी जरा सांगा

रामबागची वाचक, इंदूर

नमस्कार मंडळी,

दोन गोष्टी विचारायच्यात, एक मनातली आणि एक कामाची. आधी मनातली. ज्या गोष्टीचा शेवट आपल्याला लहानपणापासून माहितीये ती कादंबरीत वाचताना इतकी धाकधूक का होते? मी सध्या ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ परत काढलीय, यशवंतराव होळकरांवरची. आम्ही इंदूरचे, यशवंतराव म्हणजे घरातलंच माणूस, त्यांच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकत मोठे झालो, आणि तरी वाचताना 1801 साल जवळ यायला लागलं की पानं भराभर उलटाविशी वाटतात आणि त्याच वेळी पुस्तक मिटून ठेवावंसंही वाटतं. त्या एप्रिलात पुण्यात यशवंतरावांच्या भावाला, विठोजीला, हत्तीच्या पायी दिलं. दिलं हे मला माहितीये, कोणी वाचवायला येणार नाहीये हेही माहितीये. तरी दर वेळी वाटतं की आता कुणीतरी धावत निरोप घेऊन येईल, पेशवे, म्हणजे दुसरा बाजीराव, वरून हात करतील, थांबा म्हणतील. तिथे माझा श्वास अडकतोच.

आणि पुढचं तर बघा. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटलं, राजवाडा जाळला. मग एक वर्षाने, 25 ऑक्टोबर 1802, ऐन दिवाळीत हडपसरला यशवंतराव पेशवे आणि शिंदे दोघांच्या फौजा मोडतात. भावाचा सूड झाला, पुणं हातात आलं, आपण वाचक म्हणून उठून उभं राहायच्या बेतात असतो आणि कळतं की ज्यांच्याशी बोलणं करायचं ते पेशवेच निघून गेलेत. सिंहगड, मग कोकण, मग वसई. यशवंतराव परत या म्हणून बोलावताहेत आणि तिकडे 31 डिसेंबरला इंग्रजांशी तह होतो. म्हणजे आपल्या माणसाने लढाई जिंकली आणि त्या जिंकण्यातूनच इंग्रजांना दार उघडलं. इतकं मोठं वळण प्रत्यक्ष घडलेलं आहे, आणि इनामदार आपल्याला त्याच्या आधी इतका वेळ यशवंतरावांच्या खांद्याला खांदा लावून चालवतात की तो धक्का त्यांच्याबरोबर आपल्यालाही बसतो. मला हा लेखक म्हणून फार म्हणजे फार आवडतो. तुम्हाला त्यांचं कुठलं वळण असं लागलंय ते लिहा ना.

आता कामाची गोष्ट. माझा भाचा अकरावीत आहे, शाळा सगळी हिंदी मीडियमची, घरी मराठी छान बोलतो पण वाचताना अडखळतो. दिवसरात्र थ्रिलर सिरीज बघत असतो. परवा स्वतःहून म्हणाला मावशी मला मराठीतलं असं एखादं दे की मध्ये सोडताच येणार नाही. असा चान्स परत येत नाही! इनामदारांचंच द्यायचं हे पक्कं आहे, पण पहिली कोणती? मला ‘झुंज’ द्यावीशी वाटतेय कारण इंदूर, पण ती जाडजूड आहे, घाबरेल का?

दांडिया बाजार, बडोदे

ताई, डोळे मिटून ‘झेप’ द्या. 1963 ची, पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावरची. थ्रिलरच्या पोराला याच्यासारखं दुसरं काही नाही.

आता मी बडोद्याचा, त्यामुळे ‘झेप’ हातात घेताना माझं मन साफ नव्हतं हे सांगतो. आमच्याकडे गंगाधरशास्त्री पटवर्धन म्हणजे गायकवाडांचे कारभारी, पेशव्यांशी असलेला हिशेबाचा वाद मिटवायला इंग्रजांच्या हमीवर पुण्याला गेलेले, आणि त्रिंबकजी म्हणजे ज्याच्यावर त्यांच्या खुनाचा आरोप आला तो. बास. एवढ्या भांडवलावर मी वाचायला बसलो. तुम्हाला तो इतिहास माहीत असेलच, जुलै 1815, पेशव्यांबरोबर शास्त्री पंढरपूरला गेलेले. संध्याकाळी अंगात कसकस होती म्हणून ते बिऱ्हाडीच थांबले. निरोप आला, दर्शनाला या. नाही म्हणाले. परत निरोप आला, आता गर्दी कमी झालीय, या. मग लोक काय म्हणतील असा विचार करून उठले, चार माणसं बरोबर घेतली आणि गेले. दर्शन झालं, बोलणं झालं, परत येताना अंधारात मारेकऱ्यांनी गाठलं. मला तर तो दुसरा निरोप डोक्यातून जात नाही. पहिल्या निरोपाला नाही म्हटलेला माणूस वाचलेला असतो हो, दुसऱ्याला हो म्हणतो आणि संपतो.

आणि आता इनामदारांची कमाल ऐका. याच त्रिंबकजीला पुढे इंग्रज ठाण्याच्या किल्ल्यात कोंडतात, पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई, म्हणजे कोणी फितायला नको. 1816 चा सप्टेंबर, पावसाचे दिवस. तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोतद्दार घोडा फिरवता फिरवता मराठीत गाणी म्हणत खिडकीखालून जायचा आणि त्या गाण्यात पळून जायचा सगळा बेत सांगायचा. माणसं कुठे दबा धरून आहेत, घोडे कुठल्या झाडाखाली. पहारेकरी ऐकतच होते की, पण मराठी कुणाला येतंय? पुढे हेबर नावाच्या बिशपने ते गाणं इंग्रजीत लिहून ठेवलंय, त्यात पंचावन्न घोडे आहेत आणि चोपन्न स्वार आणि पंचावन्नावा कोण ते ऐकणाऱ्याला कळतंय. हे खरं घडलेलं आहे बरं का! आणि मी, शास्त्र्यांच्या गावचा माणूस, त्रिंबकजी पकडला तर जाणार नाही ना म्हणून काळजी करत बसलेला. ज्याचा राग घेऊन आलो त्याच्यासाठीच जीव खालीवर. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच, की काय होणार ते आपल्याला माहीत असतं पण ते होताना आपण कुणाच्या बाजूला उभे असू ते माहीत नसतं, आणि इनामदार नेमकी ती जागा बदलतात.

लष्करवाली, ग्वाल्हेर

बडोदेकर काकांचं शेवटचं वाक्य अगदी पटलं आणि त्यावरूनच माझं थोडं वेगळं मत सांगते.

आम्ही ग्वाल्हेरच्या, लष्करात वाढलेल्या. लष्कर म्हणजेच दौलतराव शिंद्यांचा तळ, तंबू होते तिथे शहर झालं. त्यामुळे ‘झुंज’ वाचणं आमच्याकडे सोपं नसतं, होळकरांच्या डोळ्यांनी बघितलं की आपलेच लोक समोरच्या बाजूला दिसतात. 1797 च्या सप्टेंबरात शिंद्यांच्या फौजेने पुण्यात रात्री होळकरांच्या तळावर छापा घातला, यशवंतरावांचे भाऊ मल्हारराव मारले गेले, यशवंतराव आणि विठोजी निसटले, हे वाचताना मला अक्षरशः वाईट वाटलं, आणि सर्जेराव घाटगे तर दौलतरावांचे सासरेच. माझे वडील म्हणायचे हे पुस्तक आपल्याविरुद्ध आहे. मला तसं नाही वाटत. मला वाटतं की एका बाजूने मनापासून लिहिलेलं पुस्तक दुसऱ्या बाजूच्या माणसाने वाचायलाच हवं, मग आपल्या घराण्याबद्दल बोलताना जीभ जरा जपून चालते.

पण मला खरा धक्का बसला तो एका पुस्तकात नाही, दोन पुस्तकांच्या मध्ये. ‘झुंज’मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा इतका राग येतो की विचारू नका, विठोजीच्या प्रसंगानंतर तर नावही नको वाटतं. आणि त्याच लेखकाने तीन वर्षांनी ‘मंत्रावेगळा’ लिहिली, जिचा नायक कोण, तर तोच दुसरा बाजीराव. राघोबादादांचा मुलगा, सगळं लहानपण आणि तरुणपण नजरकैदेत गेलेलं, कुणावर भरवसा टाकायची सवयच लागली नाही, पुढे सगळं गमावून ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला, नेऊन बसवलेला आणि तिथे 1851 पर्यंत जगलेला. मी पहिली काही पानं दात ओठ खाऊन वाचली. नंतर हळूहळू काय झालं कळलं नाही, पण त्या माणसाची कीव यायला लागली, आणि मग कीवही राहिली नाही, समजायला लागला. असं करणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. एका पुस्तकात ज्याला आपण माफ करणार नाही असं ठरवलं त्याच्याच आत नेऊन बसवतात. म्हणून मी तर म्हणेन ताई, भाच्याला एक पुस्तक देऊ नका, जोडी द्या. ‘झुंज’ आणि ‘मंत्रावेगळा’.

सनावदकर

‘राऊ’ द्या की सरळ. मुलाने सिनेमा पाहिलेला असणारच, 2015 चा ‘बाजीराव मस्तानी’ याच कादंबरीवर बेतलेला, म्हणजे माणसं ओळखीची, अडखळणार नाही. आणि इंदूरहून रावेरखेडी काही लांब नाही, वाचून झाली की गाडी काढून घेऊन या, नर्मदेकाठी पहिल्या बाजीरावांची समाधी आहे, 28 एप्रिल 1740 ला तिथेच गेले, चाळिशी सुद्धा पुरी नव्हती. आमच्याकडच्या उन्हात एप्रिलमध्ये उभं राहिल्याशिवाय ते मरण समजत नाही असं माझं मत आहे.

रामबागची वाचक, इंदूर

अरे वा, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी.

सनावदकर दादा, ‘राऊ’ माझी पण लाडकी आहे पण तिथे अडचण तीच आहे जी तुम्ही फायदा म्हणून सांगितली. त्याने सिनेमा तीनदा तरी पाहिलाय, त्याच्या डोक्यात नट बसलेत, तो पुस्तकात गाणी शोधेल. शिवाय त्याला धक्के हवेत आणि ‘राऊ’चं बळ मला धक्क्यात नाही वाटत, घरातल्या माणसांनी घरातल्या माणसाला हळूहळू एकटं पाडायचं त्यात आहे, ते समजायला थोडं वय लागतं. रावेरखेडीला मात्र नक्की नेईन.

लष्करवाली ताई, तुमचं वाचून मला खूप बरं वाटलं. आमच्याकडे शिंदे म्हटलं की अजून कपाळाला आठी पडते, आणि तुम्ही तिकडून ‘झुंज’बद्दल असं लिहिलंत. ‘मंत्रावेगळा’ मी मुद्दामच वाचली नव्हती, विठोजीमुळे. आता वाचते.

बडोदेकर काका, ‘झेप’चं ते गाणं मी घरी सांगितलं तर भाचा जागचा उठला. म्हणाला हे खरंच झालंय? मग मी पळून गेल्यावर पुढे काय ते सांगितलं नाही. :)

एकच शंका, भाषा. जुने शब्द, पत्रव्यवहार, मसलती, ह्यात तो अडकला तर? कोणी मुलांना दिलंय का वाचायला?

जुनी पानं, इंदूर

मी निवृत्त शिक्षक, इथल्या एका शाळेत मराठी शिकवायचो, आणि इंदूरच्या मुलांना मराठी वाचायला लावणं हेच आयुष्यभर केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्दांची भीती बाळगू नका. ही मुलं हिंदी वाचतात, त्यामुळे खलिता, फौज, हुकूम, पेशगी, बंदोबस्त, असली दरबारी भाषा त्यांना आपल्या पुण्याच्या नातेवाइकांच्या मुलांपेक्षा लवकर कळते. ती अडतात ती माणसांच्या नात्यांत. कोण कुणाचा दत्तक, कोण कुणाचा सासरा, कुठला मल्हारराव. एकाच घराण्यात तेच नाव तीनदा येतं आणि मुलगा पुस्तक ठेवून देतो. म्हणून मी आधी एका कागदावर वंशावळ काढून पुस्तकात ठेवायचो आणि सोबत एक साधा नकाशा, त्यात फक्त पुणे, इंदूर, उज्जैन, महेश्वर, ग्वाल्हेर, नागपूर, बडोदे आणि नद्या. यशवंतराव 1797 नंतर जे फिरलेत ते नकाशाशिवाय कळणारच नाही, पुण्याहून निसटून नागपूर, तिथे भोसल्यांनी कैदेत टाकलं, तिथूनही निसटले, मग माळव्यात येऊन शून्यातून फौज उभी केली. मुलांना बोट ठेवून तो रस्ता काढायला लावला की ती स्वतःच विचारतात पुढे कुठे गेले. आणि पुढे तर काय, 1804 मध्ये इंग्रजांच्या मॉन्सनची अख्खी पलटण मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पळवली, दिल्लीला वेढा घातला, वर्षभरात पंजाबात बियास नदीपर्यंत जाऊन तह. एका माणसाने!

पहिली चाळीसेक पानं तुम्ही मोठ्याने वाचा आणि त्याने ऐकावं. वाचताना समजावत बसू नका, अर्थ सांगायला थांबलात की गोष्ट मरते. चाळीस पानांत त्याच्या कानाला वाक्याची चाल बसते, मग पुस्तक त्याच्या हातात द्या आणि उठून जा. प्रसंग रंगात आलेला असताना उठायचं, हे महत्त्वाचं.

आणि पुस्तक म्हणाल तर आधी ‘झेप’, हे बडोदेकरांचं बरोबर आहे. ‘झुंज’ दुसरी. कारण ‘झुंज’चा शेवटचा भाग लहान वयात पहिल्यांदाच वाचायला देऊ नये असं मला वाटतं. इंग्रजांशी पुन्हा लढायचं म्हणून भानपुऱ्याला तोफा ओतायचा कारखाना काढलेला, भट्टीच्या धगीत रात्रंदिवस उभे राहणारे यशवंतराव, मग डोक्यावर झालेला परिणाम, आणि 28 ऑक्टोबर 1811 ला संपलेलं सगळं. मी एका वर्गाला तो काळ सांगितला तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी खिडकीबाहेर बघणारी मुलं सुद्धा गप्प झाली होती. एकाने विचारलं, सर, तोफा तयार झाल्या होत्या का? हा प्रश्न माझ्या डोक्यात अजून आहे. हरलेल्या माणसाला वेड लागतं हे मुलांना समजतं, पण न हरलेल्या माणसाला लागतं हे पचायला जड जातं.

बाकी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून तो रोज जात असेल तर त्याला सांगा, त्यातली एक कृष्णाबाईंची आहे, यशवंतरावांच्या राणीसाहेबांची. त्यांचा मुलगा मल्हारराव पुढे गादीवर आला आणि महिदपूरच्या लढाईनंतर 1818 मध्ये राजधानी इंदूरला आली. म्हणजे हे शहर आज जसं आहे ते त्या गोष्टीच्या शेवटातूनच निघालंय.

दांडिया बाजार, बडोदे

सर, फार छान. एक भर घालतो. मुलगा नक्की विचारेल की यातलं खरं किती आणि लेखकाच्या मनातलं किती. तेव्हा कादंबरी आहे रे, असं म्हणून गप्प करू नका. रियासतकार सरदेसाई आमच्या सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते, त्यांचा मराठ्यांच्या इतिहासाचा ग्रंथ ‘मराठी रियासत’ कुठल्याही जुन्या मराठी वाचनालयात मिळेल, त्यातलं तेवढंच प्रकरण काढून शेजारी ठेवा. माझ्या मुलीने ‘झेप’ आणि रियासत अशी शेजारी ठेवून वाचली, आणि तिच्या लक्षात आलं की तारखा, माणसं, लढाया इनामदार जागच्या हलवत नाहीत, ते रात्रीचं बोलणं लिहितात जे कुठल्याच कागदावर नसतं. खुनाच्या आदल्या दिवशीचा चेहरा कसा असेल ते. मला तर कादंबरीकाराचं काम एवढंच आणि एवढं मोठं वाटतं.

लष्करवाली, ग्वाल्हेर

सरांचं पटलं, जोडी मागून द्या, आधी ‘झेप’. मात्र ताई, तुम्ही स्वतः ‘मंत्रावेगळा’ झाली की ‘शिकस्त’ काढा. पानिपतानंतरच्या पार्वतीबाई, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. भाऊ रणात पडले हे सगळं जग म्हणतं आणि त्या मानत नाहीत, कुंकू पुसत नाहीत, आणि पंधरा वर्षांनी मीच भाऊ म्हणत एक माणूस फौजफाटा जमवून उभा राहतो. तोतया. लोक त्याला मानायला लागतात, किल्ले त्याच्याकडे जातात. मला माहीत होतं तो तोतया आहे, इतिहासात नावच तोतयाचं बंड आहे, पुढे आंग्र्यांनी धरला आणि 1776 मध्ये संपवला. तरी पार्वतीबाईंच्या जागी बसून वाचताना मी देवाला म्हणत होते की खरा असू दे. इतकी वर्षं वाट बघितलेल्या बाईसाठी खरा असू दे. वाचून झाल्यावर दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. पार्वतीबाई त्यानंतरही 1783 पर्यंत जगल्या.

रामबागची वाचक, इंदूर

ठरलं. काल रात्रीपासून ‘झेप’ सुरू केलीय, सरांनी सांगितलं तसं मोठ्याने. वंशावळीचा कागद त्याने स्वतः केला, पेशव्यांची हिरव्या पेनाने आणि गायकवाडांची निळ्या, इंग्रज लाल. आज सकाळी पोहे खाताना मला विचारत होता की गंगाधरशास्त्री चांगला माणूस होता की वाईट, मी म्हटलं वाच. तर म्हणाला मावशी तुला माहितीये ना, सांग ना. नाही सांगितलं.

बडोदेकर काका, तुमच्याकडे गंगाधरशास्त्र्यांबद्दल घरात, वाड्यांत अजून काही सांगतात का, कोणी जुनी माणसं? त्याला दुसरी बाजू पण तिकडच्याच माणसाकडून मिळाली तर बरं होईल. सवडीने लिहा.